मालवणच्या समुद्रात एक दिवस

नोव्हेंबर उजाडला की कोल्हापुरातील माझ्या दवाखान्यात काही असे लोक येऊ लागतात, ज्यांना काहीही झालेले नसते. मालवण-तारकर्लीची खोली ठरलेली असते आणि घाटात गाडी लागू नये, समुद्रात बोट लागू नये, एवढ्यासाठी एखादी गोळी हवी असते. गोळी मी लिहून देते. मात्र गेली काही वर्षे सोबत एक प्रश्नही विचारते : पाण्यात कोण कोण उतरणार आहे? यावर बहुतेक जण हसतात. ‘‘सगळेच की, डॉक्टर! स्नॉर्केलिंग तर करायचे आहे. त्याला पोहता यावे लागत नाही म्हणे.’’

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क लावायचा, तोंडात एक वाकडी नळी धरायची आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खालचे जग पाहायचे, एवढेच स्नॉर्केलिंगचे स्वरूप आहे. स्कूबाप्रमाणे पाठीवर हवेची टाकी नसते, खोलवर जायचे नसते. म्हणूनच तो पोरखेळ वाटतो आणि स्कूबासाठी जी आरोग्यविषयक चौकशी केली जाते, ती येथे कोणी करीत नाही. हृदयाच्या आणि फुफ्फुसांच्या दृष्टीने मात्र तो पोरखेळ नाही. कसे, ते पुढे येईलच. आधी त्या जागेविषयी.

मालवणच्या जेटीवर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दिवसभर समुद्रावर राहायचे म्हणजे पिण्याचे पाणी हा पहिला प्रश्न, हे किल्ला बांधणाऱ्यांनी किती नेमके ओळखले होते! किल्ल्याभोवतीचा खडकाळ समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि गाभ्यात सिंधुदुर्ग व पद्मगड येतात. येथील खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. अंदमानच्या स्फटिकासारख्या पाण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. येथे नद्यांचा गाळ येतो आणि पाण्याला हिरवट झाक असते. तरीही चांगल्या दिवशी काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे अक्षरशः काचेला नाक लावून जातात. बोटवाले पावाचे तुकडे टाकून त्यांना जवळ आणतात. ही प्रथा मला पसंत नाही. माशांचे अन्न खडकांवर आहे, बेकरीत नाही. आपण पैसे मोजणारे आहोत, तेव्हा ‘पाव नको’ एवढे आपण नक्की सांगू शकतो. प्रवाळावर पायही ठेवू नये : ते सजीव आहे, आणि त्याने झालेली जखम चिघळतेही लवकर.

गेल्या डिसेंबरात आम्ही सात जण तेथे गेलो होतो. माझी ताई आणि भावोजी, त्यांची मुलगी, तिची दहा वर्षांची लेक, माझे यजमान, आमचा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि मी. संपूर्ण दिवसासाठी एक बोट ठरवली होती : सकाळी किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग, मग किनाऱ्याने दक्षिणेकडे तारकर्लीवरून देवबागच्या खाडीमुखापर्यंत, तेथील वाळूच्या बेटावर दुपार आणि संध्याकाळी परत.

दिवस निवडला तो पंचांग पाहून. यात अंधश्रद्धेचा भाग नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी. नवमीला पावणेसातच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी एकच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाणी जोराने आत-बाहेर धावते, तळाची वाळू ढवळून निघते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाण्याची चढउतार कमी, ओढ कमी आणि त्यामुळे पाणी तुलनेने निवळ. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारेही येथे प्रत्यक्ष भेटतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, तेव्हा पाणी शांत असते. दिवस चढला की खारा वारा सुरू होतो आणि लाटा उठतात. आमचे बोटवाले एवढेच म्हणाले, ‘‘धा वाजले की वारो सुटतलो, मगे पाणी गढूळ.’’ म्हणून सकाळी साडेसातलाच आम्ही जेटीवर होतो.

पाण्यात कोण उतरणार, हा आमच्या घरातला प्रश्न मात्र त्याआधी तीन आठवडे सुरू झाला होता.

भावोजी त्रेसष्ट वर्षांचे आहेत. बालपण वेंगुर्ल्याचे. बंदरात उड्या मारीत मोठे झालेले. पुढे नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाले. आठ महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला होता. रोज सकाळी सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर चालत आणि प्रकृती उत्तम असल्याचे सांगत. रक्तदाबाचा वरचा आकडा गोळ्या घेऊनही दीडशेच्या आसपास रेंगाळत असे. या सहलीची कल्पनाच मुळी त्यांची होती. नातीला आपला समुद्र दाखवायचा, तिचा हात धरून पाण्याखालचे मासे दाखवायचे, असे त्यांच्या मनात होते. मी फोनवर म्हटले, ‘‘भावोजी, तुम्ही या वेळी पाण्यात उतरू नये असे मला वाटते.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, ‘‘मला समुद्र शिकवणार आहेस का तू?’’

मी त्यांना जे सांगितले, ते वाचकांनाही सांगते. मानेपर्यंत पाण्यात उतरले की पाण्याच्या दाबाने पायांतील आणि पोटातील रक्त छातीकडे ढकलले जाते. ते सुमारे सातशे मिलिलिटरपर्यंत असू शकते. पाण्यात शिरल्यावर थोड्याच वेळात लघवीची भावना होते, त्याचे कारण हेच : शरीराला वाटते, रक्त फार झाले, पाणी बाहेर टाका. निरोगी हृदय हा वाढीव भार सहज पेलते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ज्याच्या भिंती ताठर झाल्या आहेत, त्या हृदयाला तो जड जातो आणि फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. त्यातच अरुंद नळीतून श्वास ओढायचा म्हणजे छातीला जास्त जोर लावावा लागतो. त्या ओढीने रक्तवाहिन्यांतील द्रव वायुकोशांत पाझरू शकतो. समुद्राचा एक घोटही न गिळता माणसाच्या फुफ्फुसांत पाणी साठू लागते. हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी या यंत्रणेकडे विशेष लक्ष वेधले आहे. अशा वेळी माणूस धडपडत नाही, हाक मारीत नाही. दम लागतो, हातापायांतली शक्ती जाते आणि तो शांत होतो. मुळातच पालथा तरंगणारा माणूस शांत झाला, तर काठावरच्याला काय कळणार?

पोहता येण्याचा येथे फारसा उपयोग होत नाही. उलट, चांगले पोहणारा माणूस दम लागला तरी ‘आणखी थोडे’ म्हणत पुढे जातो. बिनकारण धाप लागली, खोकला येऊ लागला किंवा अंग गळून गेल्यासारखे वाटले, तर त्याच क्षणी नळी तोंडातून काढावी, उताणे व्हावे, हात वर करून बोलवावे आणि पाण्याबाहेर यावे. हे चौघांतल्या प्रत्येकाला आधी माहीत हवे.

भावोजींनी मग त्यांच्या हृदयतज्ज्ञांना विचारले. ते म्हणाले, आधी ट्रेडमिल चाचणी करू, मग बोलू. चाचणीची तारीख मिळाली जानेवारीतली. प्रश्न तेथे मिटायला हवा होता. पण दोन दिवस भावोजींनी माझा फोन उचलला नाही. ताई म्हणाली, ‘‘अगं, त्यांना सहलच रद्द करायची आहे.’’ डॉक्टर म्हणून नकार देणे सोपे असते. ज्या माणसाने माझ्या लग्नात वडिलांच्या जागी उभे राहून सगळे निभावले, त्याला ‘तुमच्या समुद्रात तुम्ही उतरू नका’ असे सांगणे मात्र जड गेले. शेवटी मी त्यांना वेगळे काम दिले. बोटीत असा एक माणूस लागतो, जो फोटो काढत नाही, मोबाइल पाहत नाही, फक्त पाण्यातली डोकी मोजतो. ‘‘समुद्र ओळखणारा माणूस त्यासाठी हवा,’’ असे मी म्हटले. ते खरेही होते. त्यांनी ते मान्य केले. आनंदाने केले, असे म्हणवत नाही.

बोटीत चढताना मी तीन गोष्टी पाहिल्या. लाइफ जॅकेट प्रत्येकाला पुरेसे आहे का, नातीसाठी तिच्या मापाचे आहे का, आणि सगळे पट्टे लागतात का. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते कानांपर्यंत वर सरकते आणि मूल खालून निसटू शकते. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तो मोसमाचा अखेरचा काळ होता. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्राचा स्वभाव बदलतो. बोटवाला ‘आज नको’ म्हणाला, तर पैसे परत मागा हवे तर, पण घासाघीस करू नका.

बोट लागण्यावरची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, हे ध्यानात ठेवावे. ज्याला गुंगी आली आहे, त्याने पाण्यात उतरू नये. बोट लागते ती कान आणि डोळे यांच्या भांडणातून : कानातली तोलाची यंत्रणा सांगते आपण हलतो आहोत, बोटीच्या तळाकडे लागलेले डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. म्हणून मध्यभागी बसावे आणि क्षितिजाकडे पाहावे. इंजिनाच्या धुरापासून दूर बसणे तर फारच महत्त्वाचे.

किल्ल्याच्या आडोशाला नांगर पडला तेव्हा आठ वाजून गेले होते. नातीने मास्कचा सराव घरीच केला होता, बादलीत तोंड बुडवून. ही माझी आवडती युक्ती आहे. जे मूल घरच्या बादलीत नळीतून पाच मिनिटे शांतपणे श्वास घेऊ शकत नाही, त्याला समुद्रात ते जमणार नाही. आणि ते घरीच कळले तर रडारड कमी होते. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली मिळतात. ते मी टाळते, कारण घाबरल्यावर ते झटकन काढता येत नाहीत. श्वास हळू आणि खोल घ्यावा. उथळ, भरभर श्वासांत नळीतलीच शिळी हवा आत-बाहेर होत राहते.

मुलाला वेगळी तंबी होती. तरुण मुले पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून आधी जोरजोराने दहा-बारा श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि ‘आता श्वास घे’ हा इशारा मेंदूला तोच देतो. इशाराच न मिळाल्याने प्राणवायू संपतो आणि मुलगा पाण्याखाली बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे याला बळी पडतात. त्याने ऐकले, निदान माझ्यासमोर तरी.

आम्ही चौघे वाटाड्याबरोबर उतरलो. वाटाड्याने मोठी तरंगती रिंग धरली होती आणि नात तिला घट्ट धरून होती. खाली खडक, त्यावर मेंदूच्या वळ्यांसारखी प्रवाळे, भेगांतून डोकावणारे मासे. कान पाण्यात गेल्याने वरचा गलबला थांबतो आणि स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या छातीचे आवाज ऐकणाऱ्या मला हे फार सुखाचे वाटले. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम बोटीवरून भावोजींचा खणखणीत आवाज आला. मी मान वर केली. आमची भाची रिंगेपासून वीस-पंचवीस मीटर दूर गेली होती आणि तोंड पाण्यातच होते. वाटाड्या झपाट्याने तिच्याकडे गेला. तिला काहीही झाले नव्हते. एका माशाच्या मागे जाता जाता ओहोटीच्या मंद ओढीने ती बाहेर सरकली होती आणि आपण दूर आलो आहोत हे तिच्या गावीही नव्हते. भांगाच्या दिवशी, शांत पाण्यात, वाटाड्या सोबत असताना हे घडले. त्यानंतर भावोजी बोटीच्या कडेला उभेच राहिले, बसले नाहीत.

दहा वाजले आणि वारा खरोखरच सुटला. बोट दक्षिणेकडे वळली. तारकर्लीची वाळू डावीकडे पांढुरकी चमकत होती. निवतीच्या बाजूला दोन डॉल्फिन दिसले, पाठीवर उंचवटा असलेले. बोटवाल्याने आपणहून इंजिन मंद केले आणि पाठलाग केला नाही, याचे मला कौतुक वाटले.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. ती जेथे संपते, तेथे नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीला वाळूचे बेट उघडे पडते. ‘त्सुनामी आयलंड’ हे नाव त्याला २००४ च्या त्सुनामीच्या आठवणीने पडले. खाडीमुखाकडच्या बाजूला मुलांना सोडू नये. ओहोटी चालू असताना नदीचे पाणी तेथून समुद्राकडे ओढ घेते. आतल्या बाजूला पाणी कमरेइतके आणि संथ. येथे मी भावोजींना म्हटले, ‘‘आता चला.’’ जॅकेट घालून ते नातीचा हात धरून कमरेइतक्या पाण्यात गेले. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नयेत, घासत सरकवावेत, हे त्यांनीच तिला शिकवले. वाळूत लपलेल्या पाकटाला त्याने चाहूल लागते आणि तो निघून जातो. पाकटाचा काटा लागलाच, तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना पुष्कळ कमी होते. नंतर मात्र डॉक्टरकडे जावेच. तिकडच्या खडकांवर त्यांना मी जाऊ दिले नाही. तेथे कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाचा छोटा कापही लवकर थांबत नाही. मधुमेह्यांनीही तेथे अनवाणी फिरू नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेली वाळूही भाजते आणि ते रात्री कळते.

उन्हाचे म्हणाल, तर स्नॉर्केलिंग करणाऱ्याची पाठ, मानेची मागची बाजू आणि गुडघ्यांच्या मागची लव भाजते. पाणी गार लागते म्हणून चटका जाणवत नाही. मलमापेक्षा लांब बाह्यांचा सदरा बरा. तो धुऊन जात नाही, आणि प्रवाळांनाही त्याचा त्रास नाही.

किनाऱ्यांवर अजून एक दृश्य दिसते, त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. बुडालेल्याला बाहेर काढले की लोक त्याचे पोट दाबतात, उलटे टांगतात, गोल फिरवतात. यात मोलाची मिनिटे वाया जातात आणि पोटातले पाणी फुफ्फुसांत जाण्याचा धोका वाढतो. बुडालेल्याला हवी असते हवा. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालू नसेल, तर त्याला उताणे निजवावे, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा हवा द्यावी आणि मग छातीच्या मध्यभागी दाब सुरू करावेत : तीस दाब, दोन श्वास, आणि हेच पुन्हा पुन्हा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. पुढच्या काही तासांत दम वाढू शकतो.

देवबागच्या एका घरगुती खानावळीत तिसल्याची आमटी, तळलेला बांगडा आणि सोलकढी असे जेवण झाले. ताईने भावोजींच्या ताटातले मीठ उचलून ठेवले. जेवणानंतर कोणी पाण्यात उतरले नाही. माडांच्या सावलीत सगळे आडवे झाले. नात आजोबांना सकाळी पाहिलेल्या माशांची वर्णने सांगत होती आणि ते नावे ओळखत होते. तांबोशी ओळखली, गोबरा ओळखला. काळ्या पट्ट्यांच्या त्या पिवळ्या माशाचे नाव मात्र त्यांना सांगता येईना. ‘‘वरून कसा ओळखणार?’’ ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

जानेवारीत त्यांची चाचणी झाली आणि ठीक निघाली. रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या. हृदयतज्ज्ञांनी आधी तीन महिने तरणतलावात, जीवरक्षकासमोर, हळूहळू अंतर वाढवायला सांगितले आहे आणि त्यानंतर पुन्हा भेटायला. पहाटे सहाच्या तुकडीत त्यांनी नाव घातले आहे. परवा ताईचा फोन आला, तेव्हा कळले की त्यांनी स्वतःसाठी एक मास्कही घेतला आहे, चष्म्याच्या नंबरच्या काचांचा.